मसुदाबाईंचं बोट

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांना सगळे मसुदाबाई म्हणत. पत्र कुठलंही असो, मसुदा बाईंचा, सही साहेबांची. बाई कागदावर बोट ठेवायच्या, साहेब तिथे सही ठोकायचे. वाचायची वाईट सवय साहेबांना नव्हती.

दरवर्षी सरकार ‘उद्याचे नेते’ निवडून तीन आठवडे परदेशी पाठवायचं. नेते उद्याचे, गुडघे मात्र कालचे! वयाची अट चाळिशीच्या आतली. पण ती साहेबलोकांसाठी सैल व्हायची, कारकुनांसाठी नाही. ‘माझ्यातले नेतृत्वगुण’ हा निबंध बाईंनी आजवर अकरा साहेबांसाठी लिहिला होता. साहेब फोटो काढून परतले, की न पाहिलेल्या देशातल्या जलशुद्धीकरण केंद्राचा अहवालही बाईच लिहायच्या. साहेबांना आठवायची ती हॉटेलातली गादी.

पुढच्या वर्षी बाईंची चाळिशी उलटणार होती. यंदा नाही तर कधीच नाही. आई एवढंच म्हणाली, “वाढणाऱ्याने जेवायचं कधी गं?” ते बाईंना फार लागलं. त्यांनी बारावा निबंध स्वतःच्या नावाने लिहिला, अर्ज नळजोडण्यांच्या गठ्ठ्यात सरकवला आणि शिफारशीच्या रकान्यावर बोट ठेवलं. साहेबांनी तिथे सही ठोकली.

दोन महिन्यांनी बाईंच्या निवडीचं पत्र आलं आणि साहेबांचं पित्त खवळलं. यंदा त्यांना खात्यातच असलेल्या मेव्हण्याला पाठवायचं होतं. फसवलं म्हणून ओरडावं, तर न वाचता सही केल्याचं कबूल करावं लागणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! शिफारस मागे घेतल्याचं पत्र शुक्रवारच्या आत वर गेलं तरच निवड रद्द होणार होती. साहेबांनी बाईंनाच बोलावलं.

“लिहा. कामाच्या निकडीमुळे...”

“साहेब, हे एक पत्र मी नाही लिहिणार. तुम्ही लिहा. सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवते.”

साहेबांनी दार लावून घेतलं. शिपाई सांगतो, तीन दिवस आतून कागद फाडल्याचे आवाज येत होते. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं तर गावभर बभ्रा, आणि मेव्हणा तर साहेबांहून दिव्य. शुक्रवार आला नि गेला.

बाई जाऊन आल्या. आल्या दिवशी साहेबांच्या टेबलावरचा तुंबलेला ढीग उपसताना तळाशी एक कागद निघाला. वर तारीख, खाली झोकदार सही, मध्ये नुसतं ‘महोदय,’.

बाईंनी तो नीट फायलीला लावला. साहेबांनी स्वतः लिहिलेला पहिलाच मसुदा होता तो, जपायला नको?