बारीकरावांचे दोन झेंडे

बारीकराव अंगाने मुळीच बारीक नव्हते. दोघांच्या बाकावर ते बसले की दुसऱ्याने उभं राहायचं, हे गावात ठरूनच गेलेलं. नाव पडलं ते कामावरून. दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा त्यांचा धंदा. किल्लीवाल्याच्या पाटीवर त्यांनी किल्लीचा दाता न् दाता काढला होता. चष्मेवाल्याच्या पाटीवर चष्मा होता, चष्म्याच्या काचेत समोरची खिडकी होती आणि खिडकीत एक बाई केस विंचरत होती. ही बाई चष्मेवाल्याला पाटी लावून बरेच महिने झाल्यावर दिसली, तीही शिडीवर चढून धूळ पुसताना.

"काम कसं, नाक टेकवून बघावं असं पाहिजे," बारीकराव सांगायचे. त्यांच्याकडे मोजक्या तीन केसांचा एक कुंचला होता आणि तो ते बायकोलाही धुवायला देत नसत. बायकोची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती.

बायको धक्क्यावर बोटीच्या तिकीट खिडकीत बसायची. नदी रुंद, आणि पलीकडच्या काठावरून दोन बोटी सुटायच्या. एक या शहराची, दुसरी खालच्या अंगाला असलेल्या गावाची. दोन्ही बोटी पांढऱ्या, दोन्ही म्हाताऱ्या, दोन्हींचा भोंगा सर्दी झाल्यासारखा. त्यामुळे रोज कुणी ना कुणी चुकीच्या बोटीत बसायचं आणि संध्याकाळी खिडकीशी येऊन तिच्या नावाने खडे फोडायचं. शेवटी खालच्या गावाने आपल्या बोटीवर एक साधं लाल फडकं बांधलं. तेव्हा हिने नगराध्यक्षाबाईंना गाठून सांगितलं, "बाई, आपल्यालाही झेंडा पाहिजे. लांबून ओळखू येईल असा."

लांबून ओळखू येईल असा, हे तिचे शब्द. पण नगरपालिकेच्या दालनात पोचेपर्यंत त्यातला 'लांबून' गळून पडला.

बैठकीला बारीकराव कोरा कागद मांडीवर घेऊन बसले होते. नगराध्यक्षाबाई म्हणाल्या, आपला पूल हवा. बारीकराव म्हणाले, "बसवतो की." ग्रंथपाल म्हणाले, उघडं पुस्तक हवं. "बसवतो की." कोळ्यांच्या म्होरक्याने मासा मागितला, आणि मासा म्हणजे खवल्यांसकट मासा. बारीकरावांचे डोळेच चमकले. मग घड्याळाचा मनोरा आला, गिरणीची धुराडी आली, बागेतलं फूल आलं. सगळ्यांची मनं राखून झाल्यावर खाली शहराचं नाव आणि त्याखाली एक बोधवाक्य. नुसती खोगीरभरती! पण बारीकराव घरी आले ते शीळ घालत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी म्हणालं नव्हतं की, अहो, एवढं बारीक कशाला.

रंगवताना एक अडचण आली. कापड पातळ, त्यामुळे मागच्या बाजूने नाव उलटं दिसायला लागलं. बारीकरावांनी हार मानली नाही. त्यांनी दुसरं कापड घेतलं, त्यावर सगळं पुन्हा काढलं आणि दोन्ही कापडं पाठीला पाठ लावून शिवली. बायकोने तो झेंडा उचलून पाहिला.

"अहो, हा झेंडा आहे की सतरंजी?"

"मजबूत आहे," बारीकराव म्हणाले.

झेंडा चढवायच्या दिवशी धक्क्यावर चिक्कार गर्दी जमली. बोटीच्या कप्तानाने दोरी ओढली, दोरी करकरली, आणि बारीकरावांचा झेंडा हळूहळू, जिना चढणाऱ्या आजोबांसारखा थांबत थांबत वर गेला. वर जाऊन तो काठीला चिकटला आणि तसाच लोंबत राहिला.

"वारा पडलाय," बारीकराव म्हणाले.

तेवढ्यात नगराध्यक्षाबाईंच्या भाषणाचे कागद हातातून उडाले आणि नदीवरून तरंगत पार दिसेनासे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या झेंड्यासाठी होत्या की भाषण टळलं म्हणून, हे कुणी स्पष्ट केलं नाही.

त्याच आठवड्यात बारीकरावांच्या सासूबाई लेकीकडे यायच्या होत्या. त्या पलीकडच्या काठावर राहायच्या. बारीकरावांनी फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आता विचारायची गरजच नाही. झेंड्यावर मासा आहे. मासा दिसला की बसा."

सासूबाई दुपारी यायच्या, त्या दिवेलागणीला आल्या. हातातली पिशवी धप्पकन खाली ठेवून खुर्चीत बसल्या आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "जावई, खालचं गाव छान आहे हो. सगळं बघून आले."

"पण... मासा?"

"तुम्हीच म्हणालात ना, मासा दिसला की बसा? एका बोटीवर टोपल्याच्या टोपल्या मासे होते. बसले मी!"

"अहो, मासे नाही, मासा! आपल्या झेंड्यावरचा! त्याचे खवलेसुद्धा..."

"तो झेंडा होता?" सासूबाई खऱ्याखुऱ्या चकित झाल्या. "मला वाटलं, डेक पुसायचं फडकं वाळत घातलंय."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिचे खांदे हलताना मात्र बारीकरावांना दिसले.

ते रात्री जेवलेच नाहीत, म्हणजे नेहमीपेक्षा कमी जेवले. म्हाताऱ्या माणसाची नजर ती, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण सकाळी त्यांनी बायकोच्याच खिडकीतून तिकीट काढलं आणि पलीकडे गेले. तिथे उतरून त्या काठच्या धक्क्यावरच्या बाकावर बसले आणि आपली बोट पुन्हा येण्याची वाट पाहू लागले.

बोट आली. तिच्या काठीवर चिखलाच्या रंगाचं काहीतरी होतं. पूल नाही, मनोरा नाही, पुस्तक नाही. निळा, हिरवा, तपकिरी, जांभळा, सगळे रंग एकमेकांत कालवून त्यांचा एकच मळकट गोळा झाला होता. शेजारून खालच्या गावाची बोट आली, तिचं ते साधं लाल फडकं नदीच्या मध्यापासून डोळ्यांत भरत होतं. बारीकरावांना आधी त्या फडक्याचा राग आला. मग हळूहळू दुसरंच काही वाटायला लागलं. आजवर त्यांनी आपलं प्रत्येक काम हातभर अंतरावरून पाहिलं होतं. कुंचला जेवढा लांब, तेवढंच त्यांचं जग. डोंगर दुरून साजरे असतात म्हणे. त्यांचं सगळं कामच जवळून साजरं होतं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "तुझ्या खिडकीतून आपली गच्ची दिसते का गं?"

"दिसते की. तुम्ही दुपारी झोपता तेही दिसतं."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवरच्या दोरीवर जुन्या चादरी रंगून लटकायला लागल्या आणि तिकीट खिडकीतला फोन वाजायला लागला.

"काय दिसतंय?"

"चादर."

"तिच्यावर पूल आहे."

"असेल. मला सुरकुती वाटली."

बारीकरावांनी पूल मोठा केला. मग पूल आणि मासा दोनच ठेवले. बायको म्हणाली, पुलाखाली बूट पडलाय का? त्यांनी हिरव्यावर निळं काढलं, ते एकमेकांत विरघळून गेलं. पांढऱ्यावर पिवळं काढलं, तर बायकोने विचारलं, "आज रंग संपला का?" एकेक गोष्ट पुसताना त्यांचा जीव तुटत होता. खवले पुसताना तर ते पाठमोरे उभे राहिले आणि हात मागे करून बोळा फिरवला. नाव राहिलं होतं. ते काढवेना.

"नावाशिवाय कळणार कसं कुणाचा झेंडा ते?" त्यांनी फोनवर विचारलं.

"अहो, तुम्ही बाजारात लांबून दिसता तेव्हा मी काय पाठीवरचं नाव वाचून ओळखते का?"

बारीकरावांनी फोन ठेवला. नावही गेलं.

शेवटी उरलं ते असं: गडद पिवळं कापड आणि त्यावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारा रुंद, निळा, तिरपा पट्टा. एकच पातळ कापड, रंगात बुचकळून काढलेलं. त्यांनी ते दोरीला अडकवलं, वाऱ्याने ते उचललं, आणि त्यांनी विचारायच्या आत फोन वाजला.

"अहो, हे काय लावलंत? इथे रांगेतली माणसं विचारतायत!"

नगरपालिकेत मात्र सगळ्यांनी ते कापड उलटंपालटं करून पाहिलं.

"एवढंच?" ग्रंथपाल म्हणाले. "हे तर कुणीही काढेल."

"काढू दे ना," बारीकराव म्हणाले. "आधीचा मलासुद्धा न बघता काढता आला नसता."

नगराध्यक्षाबाईंनी मान तिरपी केली. "पट्टा म्हणजे नदी, हे कळलं. पण बाकीचं शहर कुठंय?"

"ते बोटीतून उतरल्यावर दिसेल, बाई."

"निदान या कोपऱ्यात," ग्रंथपाल मऊ आवाजात म्हणाले, "एक छोटंसं पुस्तक? अगदी बारीक?"

बारीकरावांचा हात शिवशिवला. 'बसवतो की' ओठांपर्यंत आलं. मागच्या बाकावरून बायको खोकली. त्यांनी ते शब्द गिळले, पण गिळताना चेहरा असा झाला की ग्रंथपालांनी त्यांना पाणी दिलं. वाद तरीही मिटला नसता. पण कप्तान उभा राहून म्हणाला की, जुन्या झेंड्याच्या वजनाने काठीवरची कप्पी निखळली आहे, आणि तो पुन्हा लावायचा असेल तर आधी नवी काठी द्या, मग जमल्यास नवी बोट. नवा झेंडा मंजूर झाला. कोळ्यांचा म्होरक्या मात्र त्या माशापायी पुढे बरेच दिवस बारीकरावांशी बोलला नाही.

चुकीच्या बोटीत बसणारे जवळजवळ बंद झाले. बारीकराव पाट्यांच्या धंद्यात होते तसेच राहिले. न्हाव्याच्या नव्या पाटीवर त्यांनी कंगव्यात अडकलेला केसही काढला. फक्त आता पाटी लावून झाली की ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि मान हलवत परत यायचे.

पुढच्या खेपेला सासूबाईंना आणायला ते बायकोसह पलीकडे गेले. सासूबाई योग्य बोटीपाशी आधीच उभ्या होत्या.

"या वेळी लांबूनच ओळखला हो," त्या म्हणाल्या. "छान काढलाय, जावई. पण नदी उतरती का काढलीत? चढती हवी होती."

"आई, चढतीच आहे," बायको म्हणाली. "मी रोज बघते. खालून वर जाते."

"डोळे आहेत मला. वरून खाली येते."

बोट सुटली. बारीकराव उठले आणि काठीच्या या बाजूने झेंडा पाहिला. पट्टा डावीकडून उजवीकडे चढत होता. मग रेलिंग धरून, लोकांची माफी मागत, ते वळसा घालून त्या बाजूला गेले. तिथून तोच पट्टा डावीकडून उजवीकडे उतरत होता. एकच कापड, दोन बाजू. यावर उपाय होता, दुसरं कापड पाठीला शिवायचं. बारीकराव थोडा वेळ वर बघत राहिले. झेंडा मजेत फडफडत होता.

ते येऊन जागेवर बसले. शेजारचा माणूस उठून उभा राहिला.

"सांगा बघू तुम्हीच," सासूबाई म्हणाल्या. "चढती का उतरती?"

"तुमचंही बरोबर," बारीकराव म्हणाले, "आणि हिचंही."

"बघा, जावई कसे बायकोला घाबरतात!" सासूबाई म्हणाल्या, आणि मायलेकी पुन्हा सुरू झाल्या. बोट धक्क्याला लागली, माणसं उतरली, तरी त्यांचं चाललंच होतं. बारीकरावांनी सासूबाईंची पिशवी उचलली आणि दोघींना पुढे घालून घराकडे चालू लागले.