बाबांनी ऐकलेल्या तीन हाका

तुम्हाला कुणी बाहेरून हाक मारली, तर तुम्ही कितव्या हाकेला ओ देता?

पहिल्याच? मग तुम्ही बहुधा आमच्या बाजूचे नाही. आमच्याकडे, जयगडच्या खाडीकाठी, तिनीसांजेला बाहेरून हाक आली तर पहिल्या दोन हाका सोडून द्यायच्या असतात. माणूस असेल तर तिसरी मारेल. दुसरं काही असेल तर ते तिसरी मारत नाही... असं म्हणतात. मी कधीच म्हटलं नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि 'आता बसला' असंही मी लिहिणार नाही.

माझे बाबा चळवळीतले. भगत, अंगारे, उतारे यांच्याविरुद्धची पत्रकं त्यांनी मंडणगडपासून संगमेश्वरपर्यंत एसटीने फिरून वाटली. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या पत्रकांवर. कॉलेजात असताना मी स्वतः एक लिहिलं, नेमकं या तीन हाकांवर. शेवटची ओळ होती: 'हाक मारणारा माणूसच असतो. ओ द्या.' तेव्हा मला ती ओळ फार आवडली होती.

आता जे झालं ते सांगते.

तीन वर्षांपूर्वीची संध्याकाळ. माझा मोठा भाऊ, दादा, बंदरावर कामाला होता. सुट्टी असली की आमची लहान होडी घेऊन खाडीत पाग, म्हणजे फेकजाळं, टाकायला जायचा. घरापासून जेटीपर्यंत जांभ्याच्या पाखाडीच्या चाळीस पायऱ्या. बाबा बैठकीसाठी संगमेश्वरला गेले होते. मी आणि आई ओटीवर. खालून हाक आली — "बाये!"

मला बाये म्हणणारा तो एकटाच. मी उठले. आईने मनगट धरलं.

"थांब गो. दिवे लागायची वेळ हाय. तिसरीला ओ दे."

मी हसले... आणि थांबले. पत्रक लिहिणारी मी, थांबले. दुसरी हाक आलीच नाही.

होडी बांधताना त्याचा पाय घसरला होता. डोकं दगडावर आपटलं, वर भरतीचं पाणी. लगेच धावले असते तर तो वाचला असता का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. त्या हाकेबद्दल मात्र फक्त आईला आणि मला माहीत होतं. बाबांना आम्ही सांगितलं नाही. एकमेकींशीही त्यावर कधी बोललो नाही. एका घरात, एका चुलीशी, तीन वर्षं.

तेव्हापासून मागून कुणी हाक मारली की माझ्याने ओ देववत नाही. मी एसटीने ये-जा करून रत्नागिरीत एका क्लासमध्ये शिकवते. मुलं "मॅडम" म्हणून ओरडतात आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. शेवटी मी ऑनलाइन ट्रॉमा थेरपी शोधली. थेरपिस्ट पुण्याच्या, त्यांना मी ताई म्हणते. पहिल्या ओळखीच्या कॉलमध्येच त्यांनी विचारलं, "घरी सांगितलंय? या कामानंतर काही दिवस जड जातात. शेजारी कुणीतरी असलेलं बरं."

म्हणून सांगायचं ठरवलं. थेरपी घेतेय, एवढंच. आईचं नाव घ्यायचं नाही, हे मनाशी पक्कं होतं. ती माणसांतून उठली असती.

गेल्या डिसेंबरातला रविवार, दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन. आई ओटीवर सुपात सुकट निवडत होती. बाबा झोपाळ्यावर पेपर घेऊन. मी एका दमात सांगून टाकलं.

बाबांनी पेपर खाली केला. "फोनवरून उपचार? मग आपल्या त्या मोबाइलवर अंगारा पाठवणाऱ्या बुवाने काय घोडं मारलंय?"

"बाबा, हे शास्त्र आहे. तुम्हीच शिकवलंत ना, फरक बघायला?"

"शास्त्र आजाराला असतं. तुला आजार काय? दुःख सगळ्यांनाच आहे. आपण चळवळीतली माणसं, आपण खंबीर राहायचं."

"खंबीर म्हणजे मुकं का?"

"काय गो, बापाला उलटून बोलतेस!" आई मान वर न करता म्हणाली. मग हळूच, "खपली धरलीय. नख कशाला लावतेस?"

तिचा हात सुपात थांबला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, तरी काय विचारत होती ते मला कळलं. तिच्यासाठी मी मान हलवली. नाही सांगणार.

"नेमकं झालंय काय तुला? ते तरी सांग," बाबा म्हणाले.

बाबांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि खिडकीत ठेवलं. आमच्या घरात याचा अर्थ सभा संपली. मशीन नसलं की त्यांना दारातल्या एसटीचा हॉर्नही ऐकू येत नाही, आणि वाद अंगाशी आला की ते हमखास काढतात. आई नेहमी म्हणते, "या मानसाला बहिरेपन म्हंजे देवानं दिलेली सोय हाय."

दोन-तीन मिनिटं गेली असतील. सुपाचा आवाज. कुठेतरी कावळा.

आणि बाबा माझ्याकडे बघून वैतागून म्हणाले, "अगं, ओ दे की! तीनदा हाक मारली दादाने. बाये, बाये करून घसा सुकला त्याचा."

सहज म्हणाले. दूधवाला आलाय म्हणावं तसं. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मला काही ऐकू आलं नव्हतं. हे मी शपथेवर लिहिते, कारण मला फार, फार ऐकायचं होतं. आईलाही आलं नव्हतं, ती नंतर म्हणाली. पण ती उठली. सूप उपडं झालं, सुकट ओटीभर. अनवाणी पाखाडीच्या तोंडाशी गेली आणि खाडीकडे बघून ओरडली —

"ओ! ओ रे सोन्या! आले, आले रे!"

मी तिला ओलांडून खाली धावले. पूर्ण ओहोटी. होड्या चिखलात कलंडलेल्या. जेटीवर शेजारचा काका जाळं शिवत बसला होता. "कोन नाय आला गो," तो म्हणाला. "आवाज? तुझ्या आयशीचा आयकला, बस."

वर आले तर आई बाबांच्या पायाशी बसली होती आणि सांगत होती. मशीन खिडकीतच. त्यामुळे तीन वर्षं छातीत दाबलेली गोष्ट तिला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावी लागली. "मी धरला तिचा हात! मी! पोर उठली होती!" अख्ख्या वाडीने ऐकलं असेल. मी म्हणाले, "मी सोडवून घेऊ शकले असते आई, मी थांबले..." पण माझा आवाज बारीक, तो बाबांपर्यंत पोहोचलाच नाही. मलाही ओरडावं लागलं.

वाटलं, बाबा आता आईला बोलतील. त्यांनी उठून खिडकीतलं मशीन कानात घातलं. मग म्हणाले, "गावोगाव पत्रकं वाटली मी. घरात कधी बसून बोललो नाही." आणि थोड्या वेळाने, "तुझं ते... कुठल्या वारी असतं?"

ताईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कान कमी ऐकायला लागले की मेंदू कधीकधी स्वतःच आवाज तयार करतो, ओळखीचे सुद्धा. मान्य. मी पत्रक लिहिलं तर हेच छापेन. पण बाबांना त्या संध्याकाळच्या हाकेची काहीच कल्पना नव्हती. मग तीनच का? त्याच दुपारी का? आणि ज्याला काही माहीत नाही, ज्याला ऐकू येत नाही, नेमकं त्याच्या कानात का? बाबांना विचारलं तर ते 'माहीत नाही' म्हणतात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तेवढ्यावर थांबतात.

आता गुरुवारी, क्लासला सुट्टी असते तेव्हा, चार वाजता माझं सेशन असतं. बाबा टीव्ही बंद करतात, आईला घेऊन पाखाडीवर जाऊन बसतात. मी दार लावताना एकदा पाहिलं — खाली जाण्याआधी ते मशीन काढून खिशात टाकतात. पुन्हा काही ऐकू आलं का, मी विचारत नाही. 'नाही' ऐकायची माझी तयारी नाही. कधी कधी सेशन संपल्यावर मीही जाऊन त्यांच्या शेजारी बसते, कान खाडीकडे लावून. होडीच्या इंजिनाचा आवाज येतो. बाकी काही नाही. अजून तरी नाही.

तुम्हाला या अनुभवाबद्दल काय वाटतं ते मी विचारत नाही. एक काम सांगते. तुमच्या घरात कुणी 'मला कुणाशी तरी बोलायचंय' असं चाचरत म्हणत असेल, तर कारण विचारू नका. दार लागणारी एक खोली रिकामी करा, तिथे रेंज येते का बघा, आठवड्यातला एक तास त्यांच्या नावाने सोडा, आणि तो संपेपर्यंत दाराबाहेर बसून राहा. हे याच आठवड्यात करा.