साहेबांचं फास्ट ग्रीन

माह्या फजितीची गोष्ट ऐकायची असन तं आधी चहा ओतून घ्या. मधात थांबलं की मले पुन्हा त्या दिवसासारखी धडधड सुटते.

मी चंद्रपूरजवळच्या एका कारखान्याच्या कॉलनीत बगीच्याची सुपरवायझर. माहेर नागभीडकडचं, धानवाल्याच्या घरचं. हिरवं कसं करायचं हे मले कोणी शिकवावं लागत नाई. नोकरी कंत्राटी, अन् कंत्राट वाढवायचं का नाई हे नव्या मोठ्या साहेबाच्या हातात. साहेब दिल्लीकडचे, गोल्फचे वेडे. कॉलनीच्या टोकाले त्याईनं छोटं मैदान करून घेतलं. त्यात जिथी बॉल पाडायचं भोक असते, त्याच्या भोवतालच्या गवताच्या आंगणाले म्हणतात ग्रीन.

एक दिवस साहेबानं बोलावलं. "मॅडम, संडे को हेड ऑफिस से बड़ी मॅडम आ रही हैं, गोल्फ खेलेंगी. मुझे ग्रीन फास्ट चाहिए. एकदम फास्ट."

"हो सर," मी म्हटलं. आता यात विचारण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा? ग्रीन म्हणजे हिरवं, फास्ट म्हणजे लवकर.

आमचे जुने माळी देवरावभाऊ, त्याईले सांगितलं, "भाऊ, रविवारपर्यंत हिरवंगार झालं पाहिजे."

"मंग युरिया देऊ जी, अन् पाणी सोडू," भाऊ म्हणाले. "कापाचं नाई. भरू द्याचं."

आम्ही दोघांनी त्या ग्रीनची बाळंतिणीसारखी सेवा केली. गवत असं तरारलं का धानाचे कोवळे पऱ्हे मागं पडावे. मी येता-जाता फोटो काढून नवऱ्याले धाडून राह्यली होती.

शनिवारी साहेब सराव कराले आले. बॉल ठेवला, काठीनं हळूच ढकलला. बॉल हातभर गेला अन् खुडूक कोंबडीसारखा गवतात बसला. साहेबानं पुन्हा जोरात मारला. पाणी उडालं, बॉल थांबला.

"मॅडम, मैंने फास्ट बोला था."

"सर, हप्त्याभरात एवढं हिरवं झालं. याच्याहून फास्ट कसं होईन?"

साहेबानं काठी खाली ठेवली. रागावले असते तं बरं झालं असतं. ते एकदम हळू आवाजात समजावाले लागले, अन् त्याचंच मले जास्त भेव वाटलं. फास्ट म्हणजे बॉल पळाला पाहिजे. गवत उंच असलं, ओलं असलं, की ते बॉलले धरून ठेवते. बारीक कापलेलं, कोरडं, खालची जमीन दाबून टणक केलेली असली, की बॉल सरसर जाते, अन् थोडासा उतारही त्याले कुठच्या कुठी वळवते.

"सुबह तक हो जाएगा?"

"होईन सर," मी म्हटलं.

लगेच मशीन लावली. पाण्यानं अन् युरियानं वाढलेलं गवत बुडापासून कापलं, तं खालून निघालं पिवळं! म्हणजे आता ग्रीन हिरवंही राह्यलं नाई. रविवारी उजाडताच बांबूच्या काडीनं दव झाडलं. क्रिकेटच्या मैदानावरचा रोलर आणला. मी म्हणून राह्यली, "भाऊ, अजून एक डाव फिरवा." भाऊ म्हणाले, "मॅडम, याचा आता डांबरी रस्ता होऊन राह्यला." पण मले काई ऐकू येत नव्हतं. मले फक्त माहं कंत्राट दिसत होतं.

बड्या मॅडम आल्या. डोक्यावर टोपी, चेहरा कडक. त्याईनं बॉल ढकलला. बॉल भोकाकडं गेला, भोकाच्या बाजूनं गेला, उतारावर लागला, ग्रीनच्या बाहेर गेला अन् कुंपणाखालून सरळ झुडपात शिरला. त्या झुडपाकडं आठ दिवसाआधी वाघ दिसला होता. बॉल आणाले कोणीच हललं नाई.

साहेबाची मान माह्याकडं वळाले लागली, अन् माहे पाय आपोआप पंपाच्या खोलीमागं पळाले. तिथी चिखलात उभी राहून मी कान लावून ऐकून राह्यली.

पुन्हा एकदा टक् असा आवाज झाला. मंग बड्या मॅडमचा आवाज आला, "यह ग्रीन किसने तैयार किया?"

तेवढ्यात देवरावभाऊ बोलले, "मीच केलं जी. आमच्या मॅडमचा यात काईच हात नाई. त्या नाई म्हणत होत्या, मीच ऐकलं नाई."

मले वाचवाले म्हातारा खोटं बोलून राह्यला होता. डोळ्यात पाणीच आलं माह्या.

"कमाल है," बड्या मॅडम म्हणाल्या. "इतना फास्ट ग्रीन! बॉल बस छुआ, और उतार पर घूमता हुआ सीधा अंदर गया."

टाळ्या वाजल्या. भाऊसंग फोटो निघाले. अन् मी चिखलात. बाहेर कशी येऊ? आली असती तं काऊन लपली होती, हे सांगावं लागलं असतं.

कंत्राट वाढलं माहं. कागद देताना साहेब गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, आप देवराव से थोड़ा काम सीख लीजिए."

तवापासून देवरावभाऊ सकाळी सगळ्या माळ्याईच्या समोर मले रोलर कसा फिरवायचा ते शिकवतात, अन् मी मान हलवून शिकते.