दगड झाकेपर्यंत

सिरसाळ्याजवळच्या माळावर गावच्या दूध सोसायटीनं राखलेलं कुरण होतं. त्याचं काट्यांचं कवाड छबुबाईशिवाय कुणी उघडत नसे. नवरा त्रिंबक गेल्यापासून राखण तिच्याकडं आली होती. कुरणाच्या मधोमध आसरा देवीचा शेंदूर लावलेला दगड. कवाडाशी उभं राहून बघायचं, मारवेल गवतात दगड दिसेनासा झाला की देवीपुढं खडीसाखर ठेवायची आणि मगच गुरं आत सोडायची. तिथी-वार बघायची रीत नव्हती. एरवी त्याला आषाढ सरत यायचा.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मात्र फाल्गुनातच पाऊस चुकून आल्यासारखा येऊन गेला. वर उन्हाची धग. ज्येष्ठात फुटायचे ते कोंब चैत्रात वर आले, माळ पोपटी दिसायला लागला. देवीला दया आली म्हणून छबुबाईनं हात जोडले.

गावात कडब्याची पेंढी मिळत नव्हती. सोसायटीचे चेअरमन माणिकराव रोज येऊन विनवायचे, छबुबाई रोज नाही म्हणायची. एक दिवस कौशल्याबाईची गाभण गाय बसली ती उठेचना. माणिकराव तिथून तडक कवाडाशी आले, मागं चार माणसं.

"दगड दिसतोय अजून," छबुबाई म्हणाली.

"उभं ऱ्हायल्यावर दिसनारच की मावशे. जरा खाली बसून बघ."

माणसं हसली. तीही हसली. त्या गाईचे डोळे तिनं सकाळीच पाहिले होते. ती बसली. दगड गवताआड गेला. तिनं खडीसाखर ठेवली आणि कवाड ओढलं.

गाय उठली, व्याली. गावानं छबुबाईला दुवा दिला. पण मुळांनी होती नव्हती ती ताकद त्या अवेळी कोंबांत घातली होती, आणि ते कोंब गुरांनी बुडापासून खाल्ले. पुन्हा फुटायला आत काही उरलं नाही. वैशाखानं माती भाजून काढली, मृग कोरडा गेला. उशिरा पाऊस आला तेव्हा गुरं न पोचलेल्या बांधांवर मारवेल डोललं, कुरणात नुसती कुसळं उठली. वाळली की गुरांच्या तोंडाला टोचणारी. दिवाळीच्या सुमाराला कौशल्याबाईनं ती गाय वासरासकट केजच्या बाजारात नेली. हळूहळू सोसायटीचे कॅनही रिकामे पडले.

माणिकराव एकदा येऊन ओट्यावर बसले. त्यांनीच तसं सुचवलं होतं, दोष त्यांचाच, असं म्हणत राहिले.

"तुमी बस म्हनलात," छबुबाई म्हणाली, "पन बसले तर मीच न्हवं?"

पुढं कवाड मोडलं, नुसता खांब राहिला. छबुबाईच्या पाठीला बाक आला. तरी आषाढात ती माळावर जाते. वाकलेलीच उभी राहिली तर कुसळांतही दगड झाकल्यासारखा वाटतो. मग ती खांबाला धरून होईल तेवढी ताठ होते, टाचा उचलते.

शेंदूर दिसतो. ती तिथूनच हात जोडते आणि खडीसाखर पदरात तशीच बांधून घरी येते.