आभाराच्या तीन ओळी

माझ्या आयुष्यातला पहिला तांत्रिक पेपर नागपूरच्या कॉन्फरन्सवाल्यांनी न वाचताच परत पाठवला. त्यातलं गणित चुकलं होतं म्हणून नव्हे. त्यात माझा मेव्हणा उभा होता म्हणून.

अक्षरशः उभा. चित्राखाली मी लिहिलं होतं 'तयार ठोकळे'. ठोकळे खाली एका कोपऱ्यात, आणि बाकीच्या फोटोत वारासिवनीच्या राइस मिलच्या पाटीखाली इस्त्रीचा शर्ट घालून बायकोचा धाकटा भाऊ, एक हात वरच्या ठोकळ्यावर, चेहरा नवरदेवाच्या मामाचा. शिवाय पेपराच्या शेवटी अर्धं पान आभार, सगळ्यांची नावंगावं देऊन. मेल छोटी होती. परीक्षकांना लेखक कोण हे कळता कामा नये, तुमच्या पेपरात ते जागोजागी कळतं. मर्यादा सहा पानांची, तुमची आठ भरली. रविवारी संध्याकाळपर्यंत नीट करून पाठवा, नाहीतर विचार होणार नाही.

मी इथे बालाघाटात पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकवतो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकातलं फळ्यावर उतरवत आलो. माझं स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच काम होतं: मिलच्या बॉयलरमध्ये धानाचं तूस जाळून जी राख उरते, ती थोड्या सिमेंटच्या जागी घालून ठोकळे बनवायचे आणि ते किती भार सोसतात ते बघायचं. त्यांनी चांगला सोसला. हे शहाण्या माणसांनी एकदा वाचावं, एवढीच इच्छा होती. आणि पन्नाशीच्या उंबऱ्यावर असल्या इच्छा माणूस कुणाला सांगत नाही, बायकोला तर नाहीच. तिला आधीच ठाऊक असतात.

आता आभाराचं अर्धं पान कुठून आलं, तर लग्नपत्रिकेतून. मला दुसरा नमुनाच माहीत नव्हता. आमच्याकडे पत्रिकेत कुणाचं नाव सुटलं तर तो माणूस लग्नाला येतो, मांडवात बसतो, सगळ्यांशी गोड बोलतो, पण पंगतीला काही बसत नाही. "घरून जेवून आलो," म्हणतो. मग वर्षभर ते निस्तरत बसा. म्हणून मी कुणालाच सोडलं नव्हतं. मेव्हणा त्याच मिलमध्ये कामाला. तो मोटरसायकलवर राखेची पोती बांधून आणायचा. बायकोची पिठाची चाळणी राख चाळायला गेली ती पुन्हा पिठाला लागली नाही. शेजाऱ्यांच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीत माझे ठोकळे पक्के व्हायला महिनाभर बुडून होते आणि ते बिचारे बादल्यांवर भागवत होते.

मुलगी जबलपूरला इंजिनियरिंग करते. तिला फोन लावला.

"पापा, ब्लाइंड रिव्ह्यू है. किसी को पता नहीं चलना चाहिए आप कौन हो."

"तसंही कोणाले माहीत नाही."

"तो फिर दिक्कत क्या है?"

दिक्कत पानांची होती. मी आधी शॉर्टकट घेतला. अक्षर बारीक केलं, समास दोन्हीकडून आत ओढले, ओळी एकमेकींच्या अंगावर बसवल्या. आठाची साडेसहा झाली. बायकोला चष्मा लावून दाखवलं.

"मुंग्यायची लाइन लागली हाय का ही?" तिने विचारलं. "पोरायले तं सांगता, समास सोडा म्हून."

मुलीने तिकडून स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, टेम्प्लेट को हाथ नहीं लगाना. म्हणजे त्यांनी दिलेला साचा तसाच ठेवायचा: दोन रकाने, ठरलेलं अक्षर, तक्त्याचं नाव वर, चित्राचं नाव खाली. कापायचं ते आपलं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कापायला बसलो. बालाघाटच्या धानाचा इतिहास गेला. त्याचं कुणालाच, मलाही, वाईट वाटलं नाही. दोन तक्त्यांचा एक झाला. मग फोटो आला आणि माझा हात थांबला.

मेव्हण्याने वारासिवनीच्या बाजारात सांगून ठेवलं होतं की त्याचा फोटो नागपूरच्या पुस्तकात छापून येणार. चहावाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना.

"त्याले सांगा लागन," मी म्हणालो.

"सांगा ना."

"तुहा भाऊ आहे."

"कापून तं तुमी राह्यले."

फोन मीच लावला. नियम समजावून सांगितला, जरा जास्तच समजावला. तो मिलच्या आवाजातून जरा बाजूला आला. मग तो म्हणाला, "ठोकळे राहतीन ना पन, भाऊजी?"

"हौ, ठोकळे राहतीन."

"पाटी?"

"पाटी नाही जमत."

"अन् मी?"

मुलगी बायकोच्या फोनवर होतीच, ती म्हणाली, "मामा का हाथ रहने दो ना, पापा. हाथ पे नाम थोड़ी लिखा है." खरंच की. ठोकळा केवढा आहे हे दाखवायला फोटोत काहीतरी मापाला लागतंच. मी मेव्हण्याला सांगितलं, हात ठेवतो.

"कोनता हात?"

"ठोकळ्यावरचा."

"त्यात घड्याळ हाय ना?"

"घड्याळासकट."

"मंग चालते," तो म्हणाला, आणि माझ्या छातीवरची पोती उतरली.

आभाराचं अर्धं पान मात्र पूर्ण पुसावं लागलं. ते पुसल्यावर पेपर बरोबर सहा पानांत बसला. पाठवण्याआधी एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. पेपरात सगळं आपोआप घडत होतं. राख आणली गेली. राख चाळली गेली. ठोकळे पाण्यात ठेवले गेले. आणणारं, चाळणारं, टाकी देणारं कुणीच नाही. परीक्षकाला काय दिसेल ते दिसो. मला मात्र एकेका वाक्यामागे मोटरसायकल ऐकू येत होती, आणि ओट्याजवळ पदर नाकाला लावून राख चाळत बसलेली बायको दिसत होती. इतकं देणं एवढ्या कोरड्या वाक्यांत मावतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पेपर स्वीकारला गेला. आता नावं घालायची मुभा होती, पण परीक्षकांनी एक परिच्छेद वाढवायला सांगितला होता आणि पानं तेवढीच. आभाराला उरल्या तीन ओळी, त्याही अर्ध्या पानाच्या रुंदीच्या. मेव्हण्याचं नाव आणि मिल लिहिली की दोन ओळी संपत. शेजाऱ्यांचं अख्खं कुटुंब एका ओळीत कोंबलं तर बायको पानाबाहेर. दोन दिवस मी पंगत मांडत आणि उठवत होतो. शेवटी सगळी नावं सोडली आणि लिहिलं: ज्यांनी राख आणली, चाळणी दिली, टाकी रिकामी करून दिली आणि हे सगळं घरात चालू दिलं, त्या सर्वांचे आभार.

नागपूरला मी पेपर मांडायला उभा राहिलो. तो फोटो पडद्यावर आला तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंनी मध्येच विचारलं, हा हात कुणाचा? मी म्हणालो, माझ्या मेव्हण्याचा; आणि तिथे कुणाची मनाई नव्हती, म्हणून त्याचं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट. लोक हसले. पण चांगलं हसले. नंतर ठोकळ्यांबद्दल बरेच प्रश्न आले, आणि मला उत्तरं येत होती.

घरी आल्यावर बायकोला आधी हाताची गोष्ट सांगितली, मग छापलेल्या त्या तीन ओळी दाखवून अर्थ सांगितला. नाव कुणाचंच नाही, हेही सांगितलं, जरा घाबरतच. तिने बोट ठेवून त्या पुन्हा पाहिल्या.

"बरं केलं," ती म्हणाली. "पत्रिकेत 'समस्त परिवार' लिवलं की जेवाले बी समस्तच बलवा लागते. रविवारचं सांगून द्या साऱ्यायले, शेजारच्यायले बी. अन् पोळ्या पायजे असन तं आधी माही नवी चाळणी आना."