परत येण्याचा पुरावा

आमच्या घणसोलीच्या घरमालक काकांइतका कागदाचा द्वेष करणारा माणूस अख्ख्या भूतलावर दुसरा नसेल. कुणाला असा दुसरा माहीत असल्यास त्यांनी मला तोंडी सांगावं. लेखी कळवलंत तर काकांना राग येईल. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी बरीच वर्षं राहिलो. माझं लग्न तिथं असताना झालं, मुलगी तिथल्याच गॅलरीत चालायला शिकली, पण आमच्यात भाडेकरार नावाची गोष्ट कधी झाली नाही. पहिल्याच दिवशी मी ती काढली, तेव्हा पंगतीत बसून यजमानाकडे जेवणाची पावती मागावी तसा त्यांचा चेहरा झाला. "तू र्‍हानार हायस ना? मी र्‍हाऊ देनार हाय ना? मंग कागुद मधी कशाला?" पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद द्यावी लागते म्हटल्यावर ते मला दंडाला धरून ठाण्यात घेऊन गेले आणि हवालदारापुढे उभं करून म्हणाले, "हा सातारचा हाय. आजपास्नं माजा हाय. बघून ठेवा." हवालदाराने खरंच वरपासून खालपर्यंत बघून ठेवलं. नोंद संपली.

विजेचं बिल ते दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं धरून माझ्या बायकोकडे आणून टाकायचे. लग्नाची पत्रिका कुणी दिली तर तिला हात लावायचे नाहीत. "तोंडानं बोलव. तोंडानं बोलवलंस तर हळदीला येईन, लग्नाला येईन, तुजं भांडन झालं तर सोडवायला पन येईन. कागदावर बोलवलंस तर कागुदच पाठवीन." वर्तमानपत्राचा त्यांना एकच उपयोग मान्य होता, आणि तो बोंबील गुंडाळण्याचा. या सगळ्याला कारण होतं, आणि ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. नवं शहर वसवायचं म्हणून खाडीकाठची शेतं सरकारने घेतली, तेव्हा काकांच्या वडिलांनी एका कागदावर अंगठा उठवला होता. त्यात काय लिहिलंय हे त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही आणि त्यांना वाचता येत नव्हतं. अंगठ्याची शाई धुऊन निघायच्या आत शेत गेलं, असं काका सांगत. उरलं ते गावठाणातलं घर. गरज वाढली तसे त्यावर मजले चढले, मजल्यांवर आमच्यासारखे भाडोत्री चढले.

रोज सकाळी पांढरी बंडी, गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची चेन आणि बुडाखाली प्लॅस्टिकची लाल खुर्ची अशा थाटात ते गल्लीच्या तोंडाशी बसत. पत्ता विचारणाऱ्याला ते हमखास पत्ता सांगत, फक्त तो पत्ता गेल्या शतकातला असे. "ती आंब्याची झाडं लागली की उजवीकडं वळ, मंग आमची भाताची खलाटी, तिच्या बांधावरनं सरळ जा." पार्सलवाले बिचारे समोरच्या तीस मजली टॉवरकडे बघत आंब्याची झाडं शोधत राहायचे. एकदा मी म्हटलं, "काका, आता तिथं सेक्टर आहे." काका म्हणाले, "ते त्यांनी ठेवलेलं नाव. जमिनीला कुठं म्हायती हाय?"

अशा माणसाची एकुलती एक लेक शिकून इंजिनीअर झाली, जोडीच्या इंजिनीअरशी लग्न करून सातासमुद्रापार गेली आणि काकांच्या नशिबाला कागद असा चिकटला की विचारू नका. ती गेली तेव्हा परत येणं म्हणजे विमानाचं तिकीट, एवढंच आम्हाला माहीत होतं. मग काकू आजारी पडल्या. लेकीचे तिथले कागद त्या वेळी बदलायला टाकलेले होते. ते हातात यायच्या आत देश सोडला तर पुन्हा आत घेतील याची खात्री नाही, असं तिथल्या वकिलाने सांगितलं. नवरा तिथं, नोकरी तिथं, संसार तिथं. आज होतील, उद्या होतील म्हणता म्हणता काकू गेल्या. लेकीने आईची अंत्ययात्रा फोनवर बघितली. तो फोन मी धरला होता. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि कुणावर काढावा हेही अजून कळलेलं नाही, कारण या सगळ्यात चूक कुणाचीच नव्हती, सगळे नियमाप्रमाणे वागले होते. नियमाने वागणाऱ्या माणसांसारखी निष्ठुर जात नाही.

पुढे लेकीला दिवस गेले. पहिलटकरीण, आई नाही, सासू अंथरुणाला खिळलेली. काका एका संध्याकाळी वर आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मी जानार." माझ्या बायकोने विचारलं, "काका, तुम्ही जाऊन काय करणार? बाळंतपणातलं तुम्हाला काय येतं?" "दाराशी बसंन," ते म्हणाले. "बाप दाराशी बसलेला हाय एवढं तिला दिसलं तरी बास."

मग आमची दिंडी निघाली वाशीच्या एजंटाकडे. एजंट मोठा गोड माणूस होता. गोड बोलण्याचेच पैसे घेत असावा. त्याने सांगितलं की व्हिसा पर्यटकाचा मागायचा, बाळंतपणाचं नाव काढायचं नाही, नाहीतर हा म्हातारा तिथं पोर सांभाळायला राहून जाईल अशी त्यांना शंका येते. काका म्हणाले, "मी फिरायला नाय जात." एजंट म्हणाला, "काका, लिहायला काय जातंय? एखादा धबधबा लिहू." मुलीच्या घरापासून तो धबधबा किती लांब होता देव जाणे, पण काका पुढचे कित्येक दिवस त्या धबधब्याचं नाव तोंडात घोळवत होते. खरी पंचाईत पुढे होती. तुम्ही परत येणार याचा पुरावा काय, हा तिथला मुख्य प्रश्न असतो, असं एजंटाने समजावलं. घर आहे का? आहे, चार मजली. कागद? गावठाणातली घरं गरजेपोटी वाढलेली. सरकार त्यांना धड अधिकृत म्हणत नाही, धड पाडत नाही, नुसतं अधूनमधून मोजून जातं. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर. भाडं? करार एकही नाही. शेत? ते गेलं. एजंटाने चष्मा काढून पुसला. "काका, राग मानू नका," तो म्हणाला, "पण कागदावर तुम्ही नाहीच आहात." मला वाटलं, आता खुर्ची उडणार. पण काका नुसते हसले. "मंग भाडं कोन घेतं, माजं भूत?"

पासपोर्ट मात्र झाला. तो त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला, त्याला रोज हळदकुंकू लागू लागलं आणि त्याच्या कव्हरावर पिवळा डाग पडला तो कायमचा. मुलाखतीची तालीम माझ्याकडे आली. मी गोऱ्या साहेबाच्या जागी बसायचो आणि इंग्रजीत विचारायचो, किती दिवस राहणार? काकांनी "थ्री वीक्स" म्हणायचं. हे दोन शब्द पाठ करायला त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली. कोळणीने पापलेटचा भाव सांगितला की हे म्हणत, "थ्री वीक्स." कुणी तब्येत विचारली तरी तेच. पण एकदा मी मराठीत विचारून बघितलं, "काका, किती दिवस राहणार?" तर ते एकदम गंभीर झाले. "असं इचारू नको. लेकीच्या घरी पाऊल टाकायच्या आधी निघायचा दिवस बोलायचा नसतो आमच्यात. त्यातनं ती बाळंतीन. माजी आई तर लेकीकडं जाताना पिशवीत दुसरं लुगडं पन टाकायची नाय, घरच्यांना कळाय नको किती दिवसांनी येनार ते." मी म्हटलं, तिथं मराठीत कोण विचारतंय तुम्हाला.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर गल्लीत दोन गाड्या आणि त्यात खच्चून भरलेलं निम्मं गाव. सरकारी हापिसात एकट्याने गेलं की काम होत नाही, हा या गावाचा आयुष्यभराचा अनुभव. जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांनी मोर्च्यांवर मोर्चे काढले होते, आणि जे काही मिळालं ते संख्येनेच मिळालं होतं. म्हणून व्हिसालाही सगळे निघाले. बायकांनी नऊवारीवर दागिने घातले होते, एकाने हाराची पिशवी घेतली होती. त्या देशाच्या कचेरीबाहेर ही पलटण उतरल्यावर पहारेकऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. "आपके साथ कौन है?" एकाने विचारलं. काका म्हणाले, "गाव." आम्हाला सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे पिटाळलं आणि काका एकटे आत गेले, नवा सफारी घालून, देव्हाऱ्यातला पासपोर्ट छातीशी धरून.

बाहेर आले ते हसत. आम्हाला वाटलं, झालं काम. एकाने हार काढलासुद्धा. काका म्हणाले, "पोर लय चांगली व्हती रे. गोरीपान, माज्या लेकीएवढी. मराठी बोल्ली माज्याशी. पुस्तकातली, पन मराठी."

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"आपन किती दिवस र्‍हानार, बोल्ली."

"आणि तुम्ही?"

"बोल्लो, बाय, असं इचारू नये. लेक जा बोलंल तवा येईन." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू हळूहळू उतरलं. "मराठीत इचारलं रे तिनं," ते म्हणाले. "इंग्रजीत इचारलं असतं तर खोटं बोल्लो असतो."

त्यांच्या हातात एक छापील कागद होता. तुमचे तुमच्या देशाशी पुरेसे घट्ट संबंध आहेत हे तुम्ही पटवून देऊ शकला नाहीत, अशा अर्थाचं त्यात होतं. मी ते तिथंच, फुटपाथवर, सगळ्या गावासमोर मराठी करून वाचलं. काकांनी पुन्हा वाचायला लावलं. त्यांच्या वडिलांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मुलाला निदान वाचून तरी दाखवलं गेलं, एवढीच काय ती दोन पिढ्यांत प्रगती. "घट्ट म्हंजे कवरं घट्ट?" काकांनी विचारलं. ज्याची शेतातली विहीर बुजवून वर टॉवरची लिफ्ट बसवली तरी जो तिथून हलला नाही, त्याला आणखी किती घट्ट व्हायला सांगणार? हारवाल्याने हार पिशवीत ठेवला. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी गाणं म्हटलं नाही. एजंट पुन्हा अर्ज करू म्हणाला, काका म्हणाले, "दोनदा इचारायला ती काय सोयरीक हाय?" पुढे लेकीला मुलगा झाला. काकांनी गल्लीत पेढे वाटले आणि दोन दिवस खुर्ची बाहेर काढली नाही.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात कडू भाग. चार महिन्यांनी माझ्या कंपनीने मला त्याच देशात कामाला पाठवायचं ठरवलं. या शहरात माझ्या मालकीचं एक पायपुसणंही नव्हतं. तिकडे कुणी ठेवून घेतलं असतं तर मी आनंदाने राहिलोही असतो, इथल्या खड्ड्यांकडे मागे वळून बघितलं नसतं. पण पगाराची स्लिप होती, कंपनीचा शिक्का होता. खिडकीतल्या साहेबाने दोन प्रश्न विचारले, कागद उघडलेसुद्धा नाहीत आणि माझा प्रवास सुखाचा होवो म्हणाला. हे काकांना कसं सांगावं या विचाराने मी दोन दिवस मागच्या जिन्याने ये-जा केली. त्यांना कळलंच. ते वर आले, चांदीचे वाळे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तू जा. तू गेलास म्हंजे मीच गेलो."

मी गेलो. एका सुटीच्या दिवशी बसने त्यांच्या लेकीच्या गावी पोचलो. तिने दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता आधी माझ्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग हसून म्हणाली, "ये ना, आत ये." बाळाच्या पायात वाळे घातले, ते त्याने लगेच तोंडात घालायचा प्रयत्न केला. तिचे कागद अजून रांगेतच होते. बाबा जेवतात का वेळेवर, गोळ्या घेतात का, असं ती विचारत राहिली. निघताना तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "थोडा वेळ धर. मग बाबांना सांग."

परत आलो तेव्हा काका खुर्चीवरच होते. तो देश कसा आहे, विमान कसं होतं, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. मी फोटो काढले, तर म्हणाले ते रोज फोनवर दिसतं. "हातात घेतलास?"

"घेतला."

"केवढा लागतो?"

"सात किलोच्या आसपास आहे म्हणाली."

"किलो नको सांगू मना. हाताला केवढा लागतो ते सांग."

हे कसं सांगणार? मी इकडेतिकडे बघितलं. खाली काकांच्याच गाळ्यात वाण्याचं दुकान आहे. मी आत गेलो, तांदळाची पाच किलोची पिशवी उचलून बघितली, हलकी लागली. दहाची फारच जड. शेवटी पाचाच्या पिशवीला साखरेची दोन किलोची पिशवी बांधली, वाण्याच्या टॉवेलात ते गुंडाळलं, डोळे मिटून हातावर तोललं आणि बाहेर आणून काकांच्या हातात दिलं. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी बोचकं नीट छातीशी घेतलं, वरच्या टोकाखाली तळवा दिला आणि पाय किंचित हलवायला लागले. समोरच्या घरातली वहिनी पाणी भरायला बाहेर आली होती. तिथूनच मोठ्याने ओरडली, "काका, तांदूळ मांडीवर घेऊन काय बसलाव?"

काकांनी मान वर केली.

"हळू बोल," ते म्हणाले.