खंडेनवमीला चाललेलं मशीन

तुमच्या घरापर्यंत एकच रस्ता जात असेल आणि एका सकाळी डोंगर तो घेऊन खाली गेला, तर तुम्ही कोणाच्या नावाने ओरडाल? मी सरकारच्या नावाने ओरडते. सवयच तशी लागली आहे. बाबांनी तरुणपणी नागपुरात कामगारांची पत्रकं वाटली होती. पुढे वॉशिंग्टन राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगतच्या खोऱ्यात त्यांनी मोटेल चालवायला घेतलं, तेव्हा पत्रकांचा गठ्ठाही सोबत आला. मी मराठी वाचायला शिकले ती त्यांवरच. शाळेत असताना मी पहिलं पत्रक काढलं तेही याच रस्त्यासाठी: घसरत्या उतारावर पुन्हा पुन्हा डांबर ओतू नका, पूल बांधा.

गेल्या वर्षी, पानगळीच्या सुरुवातीला, तो उतार घसरला. मी खोऱ्याबाहेर, बॉथेल गावी माझ्या घरी होते, दिवस भरत आलेले, पहिलीच खेप. आई बाळंतपणाला येणार होती. दुसरी वाट कॅनडातून जाते, पण आईचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला. म्हणजे रस्ता मोकळा झाला तरच आई येणार.

राज्याची माणसं तिथे खोदकामाच्या मशीनने ढिगारा उपसून, दगड भरून निदान एक लेन काढत होती. खंडेनवमीला बाबांचा व्हिडिओ कॉल आला. आई ताटात हळदकुंकू आणि कुंडीतला झेंडू घेऊन बॅरिकेडपाशी उभी. समोर कामाची मुकादम, उंच, दणकट बाई.

"मॅम, इथे थांबता येणार नाही."

"ओन्ली टू मिनिट्स. आय वर्शिप युअर मशीन."

"याला? याला आम्ही रोज शिव्या घालतो!" असं म्हणत तिने आईच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि मशीन थांबवायला सांगितलं.

आईने खोदणाऱ्या दातांना लावायला कुंकवाचं बोट पुढे केलं, तेवढ्यात बाबा ओरडले, "अगं थांब! पूजा केलेलं हत्यार आज चालवायचं नसतं ना? दिवसभर उभं करशील हे धूड?"

आईचं बोट हवेतच. "अगंबाई!"

"आई, नको लावू!" मी इकडून किंचाळले.

"नवमीला पूजा करताना हात आखडायचा? काहीतरीच तुझं!" आई म्हणाली.

मुकादमीण विचारायला लागली, काय झालं? बाबांनी सगळं सांगितलं, माझ्या पोटासकट. तिने घड्याळ पाहिलं. "आमची जेवायची सुट्टी होतेच आहे. तेवढा वेळ मशीन बंदच असतं. तुमच्या देवीला चालेल?"

आई म्हणाली, "चालेल. तीही आईच आहे."

मग कुंकू लागलं, झेंडू चढला. सगळ्यांनी ट्रकच्या फळीवर बसून आईच्या पुऱ्या आणि श्रीखंड खाल्लं. एकाने श्रीखंड परत मागून घेतलं. सुट्टी संपली आणि मशीन दातांवरच्या कुंकवासकट पुन्हा खोदायला लागलं.

लेन उघडली तेव्हा पहिल्या रांगेत आई-बाबांची गाडी होती. मला कळा सुरू झाल्या तेव्हा आईचा हात माझ्या पाठीवर होता.

रस्ता हा उपकार नाही, हक्क आहे, असं मी आजवर लिहीत आले आणि पुढेही लिहीन. पण तो हक्क माझ्या दारापर्यंत आणला काही माणसांनी, चिखलात उभं राहून. त्यांचे आभार मानले म्हणून हक्क मागणारा माझा आवाज बारीक होत नाही.

ती लेन तात्पुरती आहे. वरचा उतार अजून सरकतो आहे आणि दिवस भरत आलेले असताना या रस्त्याकडे डोळे लावून बसलेली मी काही शेवटची नव्हे. पुलाबद्दल राज्य सध्या लोकांची मतं मागवतं आहे. तुम्ही या राज्यात राहत असाल तर दोन ओळी लिहा: पूल हवा, आणि तो बांधणाऱ्यांना पुरता पगार व सुरक्षित काम हवं. बर्फ पडायच्या आत लिहा.